दिवा मालवावा की तेवत ठेवावा?



या व्यासपीठावरून आजवर अनेक पंडित बोलून गेले. त्यांच्यामागून कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने, आणि तेही इतिहासावर बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. माझे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि तिथेच संपले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपून मंडळी घरी गेल्यावर. म्हणून विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. विषय मात्र माझ्या हाताखालून गेलेला आहे, एवढे खात्रीने सांगतो.

हा विषय सुचला तो आमच्या सभागृहातील मामांमुळे. आमच्याकडे काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. लाऊडस्पीकरवाले त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. नवे मशीन आणले तरी जुने आम्ही टाकलेले नाही. वडीलधाऱ्यांनी चार-चार आणे जमवून घेतलेली ती वस्तू आहे. सभा संपली, खुर्च्या आवरल्या, की मामा दारात उभे राहून विचारतात, “भाऊ, मशीन बंद करू का राहू देऊ? उद्या परत सभा आहे.”

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शाळकरी वयात मी एका लाऊडस्पीकरच्या दुकानात हरकाम्या होतो. कर्णे उचलावेत, वायरी गुंडाळाव्यात, बॅटऱ्या वाहाव्यात, असे काम होते. एका १ मेच्या सभेत मध्यंतरी मशीन बंद करण्याचे मला सुचले. वीज वाचेल अशी माझी समजूत होती. पुन्हा खटका दाबला तोच आतला एक व्हॉल्व्ह क्षणभर लख्ख पेटला आणि गेला. पुढारी घसा ताणून बोलले, आणि माझी एका दिवसाची मजुरी कापली गेली: “बंद का केलेस?” महिन्याभराने एका लग्नात मी शहाणपणाने मशीन रात्रभर चालू ठेवले. सकाळी ट्रान्सफॉर्मर हात लावू देईना, आणि मांडवात जळका वास सुटला. पुन्हा मजुरी कापली गेली: “चालू का ठेवलेस?” यंत्राला काय सोसते हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते, दोष कोणाचा हे मात्र सर्वांना ठाऊक होते. ती खंत मनात राहिली आणि पुढे वाचता वाचता लक्षात आले, की चालू-बंदचा हा प्रश्न केवळ आमच्या दुकानाचा नाही. जगातील मोठमोठ्या यंत्रशास्त्रज्ञांनी त्याच्याशी झुंज घेतली आहे, आणि एका महायुद्धात तर त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून होते. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

काचेतला दिवा

प्रथम हा व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक तंतू असतो. वीज गेली की तो तापतो आणि त्याच्याभोवतीचे कॅथोड नावाचे नळकांडे तापवतो. कॅथोडवर विशिष्ट क्षारांचा लेप असतो. तो सातशे-आठशे अंशांपर्यंत तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. जाळीवर आवाजाचा क्षीण प्रवाह सोडला, की त्याच्या तालावर इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह कमी-अधिक होतो. बंधाऱ्याचे दार एका हाताने हलवून सारे पाणी वळवावे, तसे हे आहे. दुबळा आवाज मोठा होतो तो असा.

अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये अशी जाळीची नळी केली. त्यांना तिचे मर्म पुरते उमगले नव्हते. नळीतील हवा अधिक काटेकोरपणे काढली पाहिजे हे टेलिफोनच्या धंद्यातील हॅरल्ड अर्नोल्ड यांनी ओळखले आणि १९१२-१३ च्या सुमारास ती नळी भरवशाची झाली. टेलिफोनवाल्यांना तिची निकड होती, कारण तारेतून आवाज जसजसा लांब जाई तसतसा तो विरत जाई. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा टेलिफोन समारंभपूर्वक सुरू झाला. एका टोकाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल होते, दुसऱ्या टोकाला त्यांचे जुने सहकारी वॉटसन. १८७६ साली ज्याला शेजारच्या खोलीतून हाक मारली, त्याला आता खंडाच्या पलीकडून हाक मारता आली. वाटेत ठिकठिकाणी व्हॉल्व्हचे वर्धक आवाजाला हात देत होते.

इथून आपल्या प्रश्नाचा इतिहास सुरू होतो. घरातला रेडिओ संध्याकाळी लावावा आणि झोपताना बंद करावा. टेलिफोनच्या तारेचे तसे नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या घरी मरणाची वार्ता जायची असेल, तर तीही जावी लागते. म्हणून वर्धकांतील दिवे दिवसरात्र तेवत राहिले. त्यांची राखण करणाऱ्या माणसांच्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली, ती अशी, की जे व्हॉल्व्ह कधी विझवले जात नाहीत, ते वर्षानुवर्षे टिकतात.

असे का व्हावे? थंड तंतूचा विद्युत् विरोध गरम तंतूच्या मानाने पुष्कळच कमी असतो. त्यामुळे खटका दाबताच पहिल्या क्षणी तंतूत नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घुसतो. माझा व्हॉल्व्ह लख्ख पेटला तो याच कारणाने. शिवाय तापताना धातू फुगतो आणि निवताना आकसतो. काच आणि धातू एका प्रमाणात फुगत नाहीत. म्हणून सांध्यांवर दर वेळी ताण पडतो. तार वाकवून सरळ करावी, पुन्हा वाकवावी, असे पुष्कळ वेळा केले की ती तुटते. रोजचे चालू-बंद म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली अशीच वाकवणूक आहे.

गवंड्याचा मुलगा

आता ज्या माणसासाठी मी हा विषय मुख्यतः घेतला त्याच्याकडे वळतो. थॉमस फ्लॉवर्स यांचा जन्म लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर वस्तीत २२ डिसेंबर १९०५ रोजी झाला. गोदी कामगारांची ती वस्ती. वडील विटांचे बांधकाम करणारे गवंडी होते. मुलाने वुलिच येथील शस्त्रांच्या सरकारी कारखान्यात उमेदवारी केली. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी वर्ग, अशी कसरत करून विजेच्या शास्त्रातील पदवी मिळवली. १९२६ मध्ये ते ब्रिटिश पोस्ट खात्याच्या टेलिफोन विभागात शिरले आणि १९३० मध्ये वायव्य लंडनमधील डॉलिस हिल येथील संशोधनशाळेत गेले. १९३५ नंतर त्यांचा एक ध्यास होता. टेलिफोन एक्स्चेंजमधील खडखडणाऱ्या यांत्रिक खटक्यांऐवजी व्हॉल्व्ह वापरता येतील, असे त्यांना वाटत होते. युद्ध सुरू होईपर्यंत त्यांची तशी खात्रीच झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनेचे वरिष्ठ अधिकारी आपले संदेश लॉरेन्झ नावाच्या यंत्राने गूढलिपीत घालून धाडीत. एनिग्मा निराळी, हे यंत्र तिच्याहून गुंतागुंतीचे होते. ब्लेचली पार्क येथे बिल टट या तरुण गणितज्ञाने ते यंत्र डोळ्यांनी न पाहता, केवळ संदेशांवरून, त्याची घडण ओळखून काढली. पण रोजच्या रोज चक्रांची मांडणी शोधायची तर हिशेब इतका अफाट, की हाताने करता करता संदेश शिळा होई. मॅक्स न्यूमन यांनी त्यासाठी एक यंत्र करवून घेतले. त्यात कागदाच्या दोन भोके पाडलेल्या फिती एकाच गतीने धावाव्या लागत. फिती ताणल्या जात, फाटत, एकमेकींपासून सुटत. सुताच्या दोन धाग्यांचा ताण बिघडला की मागावर काय होते, हे आपल्या गावात वेगळे सांगायला नको.

यंत्राच्या कामात मदतीसाठी फ्लॉवर्स यांना बोलावले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी सुचवले, की दुसरी फीत काढूनच टाकावी आणि तिचे काम व्हॉल्व्हकडून करून घ्यावे. किती व्हॉल्व्ह लागतील? हजार-दीड हजाराहूनही अधिक! ब्लेचलीच्या मंडळींनी माना हलवल्या. एवढे व्हॉल्व्ह एकत्र आणले तर त्यांतला एखादा सतत जळतच राहणार आणि यंत्र कधी धड चालणारच नाही, असा त्यांचा हिशेब. तो अगदीच मूर्खपणाचा नव्हता. त्यांचा अनुभव रेडिओचा होता आणि रेडिओचे व्हॉल्व्ह खरोखरच वरचेवर जात. फ्लॉवर्स यांचा अनुभव टेलिफोनचा होता. ते सांगत राहिले, की व्हॉल्व्ह जातात ते चालू-बंद केल्यामुळे. यंत्र एकदा चालू केले की पुन्हा बंद करूच नका.

इथे एक बारकावा सांगायला हवा. त्या यंत्रातील व्हॉल्व्ह आवाज वाढवीत नव्हते. ते खटक्यासारखे काम करीत. म्हणजे जाळीच्या योगे प्रवाह क्षणोक्षणी चालू-बंद होई, पण तंतू मात्र अखंड गरम राही. विझवायचा नाही तो दिवा. प्रवाह हवा तेव्हा थांबवावा. हा भेद ज्याला टेलिफोन खात्यात वर्षे घालवून कळला होता, त्याच्याकडे पदव्यांची माळ नव्हती, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना हा भेद ठाऊक नव्हता.

ब्लेचलीने जुन्याच धर्तीची आणखी यंत्रे मागवली. फ्लॉवर्स यांनी डॉलिस हिलच्या प्रमुखांच्या, गॉर्डन रॅडली यांच्या, पाठिंब्यावर आपले यंत्र बांधायला घेतले. काही खर्च स्वतःच्या खिशातून केला. ब्रॉडहर्स्ट, चँडलर, फेन्सम अशा सहकाऱ्यांनी आणि तारा जोडणाऱ्या कारागिरांनी रात्रंदिवस खपून ते काम वर्षाच्या आत पुरे केले. डिसेंबर १९४३ मध्ये यंत्र डॉलिस हिलला चालले; जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचलीला पोहोचले; आणि ५ फेब्रुवारी रोजी त्याने पहिला खरा संदेश हाती घेतला. त्यात सुमारे १,६०० व्हॉल्व्ह होते आणि ते सेकंदाला ५,००० अक्षरे वाचत असे. त्याचे नाव ‘कोलॉसस’, म्हणजे महाकाय. १ जून १९४४ रोजी सुमारे २,४०० व्हॉल्व्हचा दुसरा नमुना चालू झाला, आणि पाच दिवसांनी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्ध संपेपर्यंत असे दहा कोलॉसस झाले होते. कोलॉसस एकटा सारे संदेश उलगडीत असे, असे मात्र समजू नये. तो चक्रांची मांडणी शोधून देई. पुढचे काम माणसे कागद-पेन्सिल घेऊन करीत.

ही यंत्रे कोण चालवीत होते? नौदलाच्या महिला दलातील तरुण मुली. दिवसरात्र, तीन पाळ्यांत. हजारो तापलेल्या व्हॉल्व्हनी त्या खोल्या भट्टीसारख्या होत. आपण काय करतो हे आईबापांनाही सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. दिवे अखंड तेवत राहिले ते या मुलींच्या डोळ्यांच्या जागरणावर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

युद्ध संपले. बहुतेक कोलॉसस मोडून टाकण्यात आले. कागदपत्रे नष्ट करण्याचा हुकूम फ्लॉवर्स यांना मिळाला, आणि स्वतःच्या हाताने केलेले काम त्यांनी डॉलिस हिलच्या भट्टीत जाळले. बक्षीस म्हणून १,००० पौंड मिळाले. ते त्यांनी घातलेल्या पैशालाही पुरत नव्हते; तरी त्यांतून त्यांनी सहकाऱ्यांना वाटा दिला. गुप्ततेच्या शपथेमुळे तीस वर्षे त्यांना कोणाजवळ बोलता आले नाही. १९७० नंतरच्या दशकात ही हकीकत हळूहळू बाहेर आली तेव्हा फ्लॉवर्स सत्तरीला आले होते. १९९३ मध्ये, वयाच्या ८७-८८ व्या वर्षी, या माणसाने घरगुती संगणक वापरण्याचा एक प्राथमिक वर्ग पुरा करून हेंडन कॉलेजचे प्रमाणपत्र घेतले! ज्याने यंत्र बांधले तोच शेवटच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसला. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. टोनी सेल आणि त्यांच्या मंडळींनी उरलेल्या छायाचित्रांवरून व टाचणांवरून कोलॉसस पुन्हा उभा केला. तो ब्लेचलीला लोकांना पाहायला मिळतो.

अठरा हजार दिवे

अटलांटिकच्या पलीकडे, कोलॉससची गंधवार्ताही नसताना, हाच धडा दुसऱ्यांना स्वतंत्रपणे गिरवावा लागला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एकर्ट आणि मॉक्ली यांनी ‘एनियाक’ नावाचे गणकयंत्र केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. आरंभी दररोज कित्येक व्हॉल्व्ह जात. बारकाईने पाहता दिसले, की ते बहुतांशी यंत्र तापताना किंवा निवताना जातात. मग यंत्र बंद करणेच सोडून दिले, आणि जळण्याचे प्रमाण साधारण दोन दिवसांत एक व्हॉल्व्ह एवढे खाली आले. १९५४ मध्ये एकदा ते सलग ११६ तास काही न बिघडता चालले. २९ जुलै १९४७ पासून २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री पावणेबारापर्यंत ते जवळजवळ अखंड चालू होते.

केवळ चालू ठेवल्याने हे साधले, असेही नव्हे. एकर्ट यांनी दुसरा एक नियम कडक पाळला होता. व्हॉल्व्हला जेवढी शक्ती नेमून दिलेली असते, तिच्यापेक्षा पुष्कळ कमी शक्तीवर ते तो चालवीत. यंत्राला पुरते पिळायचे नाही, हा तो नियम. यंत्र अखंड चालवायचे असेल तर ते ओढून चालवता येत नाही. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याची सर्वांत मोठी साक्ष समुद्राच्या तळाशी मिळाली. २५ सप्टेंबर १९५६ रोजी स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोनची केबल सुरू झाली. जाण्यासाठी एक, येण्यासाठी एक, अशा दोन केबली, प्रत्येक सुमारे ३,६०० किलोमीटर लांब. दर सत्तरेक किलोमीटरला एक वर्धक. प्रत्येक केबलीत ५१. प्रत्येक वर्धकात तीन व्हॉल्व्ह. म्हणजे तीनशेहून अधिक दिवे समुद्राच्या अंधारात, काही तर चार किलोमीटरच्या आसपास खोल. तिथे कोणी मामा जाऊन दिवा बदलणार नव्हता. म्हणून नवे, झगमगीत व्हॉल्व्ह त्यांनी घेतले नाहीत. जुन्या धाटणीचे, वर्षानुवर्षे कसोटीला लावलेले घेतले आणि त्यांचे कॅथोड नेहमीपेक्षा कमी तापवले. वीज किनाऱ्यावरून केबलीतूनच अखंड सोडली. १९७८ मध्ये ती केबल निवृत्त झाली तोवर, बावीस वर्षे, ते दिवे आपले काम करीत राहिले.

दुसरी बाजू

इथवर ऐकून कोणी म्हणेल, ठरले तर. खटका दाबावा आणि विसरून जावे. तसे नाही. इतिहासाने उलट बाजूही दाखवली आहे.

एक तर कॅथोडवरचा लेप तासातासाने झिजतो. टेलिफोनचे व्हॉल्व्ह दीर्घायुषी म्हणूनच घडवलेले असत. रेडिओ-ॲम्प्लिफायरचे साधे व्हॉल्व्ह मात्र काही हजार तासांचेच धनी. वर्षाचे तास ८,७६० होतात. साधे मशीन रात्रंदिवस चालू ठेवले तर त्याचे सारे आयुष्य रिकाम्या सभागृहात संपून जाईल.

दुसरी गोष्ट आणखी विलक्षण आहे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जे फॉरेस्टर यांच्या हाताखाली ‘व्हर्लविंड’ नावाचे गणकयंत्र होत असताना एक नवाच रोग आढळला. तंतू तापलेला, पण काम नाही, प्रवाह वाहत नाही, अशा स्थितीत फार काळ ठेवलेले व्हॉल्व्ह पुढे काम द्यायची वेळ आली की दुबळे निघत. कॅथोडच्या निकेलमध्ये किंचित सिलिकॉन असे. लेप आणि निकेल यांच्यामध्ये त्याचा एक थर साचून प्रवाहाला अडवी. यंत्रज्ञ याला झोपेचा रोग म्हणू लागले. सिलिकॉन नसलेले निकेल वापरल्यावर तो आटोक्यात आला. सारांश, वारंवार विझवलेला व्हॉल्व्ह धक्क्याने मरतो, आणि तापवून नुसता बसवून ठेवलेला आळसाने गंजतो.

तिसरी बाजू आजच्या मशीनची. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला आणि तापवायचा तंतूच गेला. आजच्या ॲम्प्लिफायरला चालू करताना व्हॉल्व्हएवढा धक्का बसत नाही. आतले प्रवाह स्थिरावायला काही मिनिटे, फार तर अर्धा तास पुरतो. त्यासाठी आठवडाभर चालू ठेवण्याचे कारण नाही. उलट त्यातील कपॅसिटर उष्णतेने सुकतात. उष्णता दहा अंशांनी कमी केली की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मात्र वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशीनचेही कपॅसिटर नासतात, हेही तितकेच खरे. अधूनमधून चालवावे, उगाच तापवू नये, हा मध्यम मार्ग.

आणि विजेचे काय? रिकामे बसलेले मशीन शंभर वॅट खात असेल तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट झाले. घरोघरची अशी रिकामी वीज एवढी साचली, की १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अशा उपकरणांना एका वॅटची मर्यादा सुचवली. युरोपने ती कायद्यात आणून २०१३ मध्ये अर्ध्या वॅटवर नेली.

जागे कोण राहणार?

एवढ्यावर थांबलो असतो तर हे व्याख्यान एखाद्या इलेक्ट्रिशियनने द्यावे असे झाले असते. पण चालू-बंदचा इतिहास यंत्राशी संपत नाही. दिवा तेवत ठेवायचा म्हटले की त्याच्याजवळ कोणीतरी जागे राहावे लागते.

आपल्याच मुंबईत हे घडले आहे. १९०५ च्या सुमारास तिथल्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की काम थांबे. सूर्य हाच गिरणी कामगाराचा पहिला कायदा होता म्हणा ना. दिवे आले आणि पाळी पंधरा-पंधरा तासांवर गेली. कामगार चिडले, दगड उचलले गेले, चौकशी आयोग बसला, आणि अखेर १९११ च्या कायद्याने गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन काढणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्यातून एक दिवस तरी यंत्र बंद ठेवा, अशी मागणी लावून धरली होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवारी दुपारी पाय पसरून झोपतो, ती झोप त्या लढ्यातून मिळालेली आहे.

माझे बहुतेक आयुष्य यंत्रमाग कामगारांत गेले. तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या मी पाहिल्या आहेत, त्यांविरुद्ध बोललो आहे, आणि पुष्कळदा हरलोही आहे. एका वाटाघाटीत एक मालक मला म्हणाले, “भाऊ, माग थांबवला की मोटारीला धक्का बसतो, सूत तुटते, माल बिघडतो. यंत्र अखंडच चालले पाहिजे.” त्यांचे म्हणणे यंत्रापुरते खरे असू शकते हे मी फ्लॉवर्स वाचून शिकलो होतो, म्हणून मी ते उडवून लावले नाही. मी एवढेच म्हणालो, “शेठ, चालू द्या अखंड. मग पाळ्या तीन करा. युद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हाही अखंड चालणाऱ्या यंत्रापाशी पोरी तीन पाळ्यांतच बसत होत्या. तुमच्या मागाला त्याहून काय घाई आहे?” त्या दिवशी करार झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावले, आणि दोन महिन्यांनी एका खात्यात तिसरी पाळी सुरू झाली. विजय म्हणावा एवढे ते मोठे नव्हते; तरी त्या खात्यातली माणसे पहिल्यांदाच मुलांना शाळेत सोडायला जाऊ लागली.

यंत्रशास्त्रज्ञांनी व्हॉल्व्हविषयी जे नियम काढले ते आठवा. त्याला वारंवार धक्के देऊ नका. नेमून दिलेल्या शक्तीपेक्षा कमीवर चालवा. काम न देता नुसता तापवून ठेवू नका. अधूनमधून निवू द्या. काचेच्या एका नळीसाठी माणसाने एवढा विचार केला, तिच्या आयुष्याचे तास मोजले, तिच्या झोपेच्या रोगावर औषध शोधले. मागापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी एवढा हिशेब कोणी मांडला तर आमच्या संघटनेला फारसे काम उरणार नाही.

आता मामांचे उत्तर. जुने मशीन असेल तर सभेपूर्वी अर्धा तास आधी चालू करावे, मध्यंतरात बंद करू नये, सभा संपली की बंद करावे. दिवसभराचे अधिवेशन असेल तर सकाळपासून रात्रीपर्यंत तेवू द्यावे. नवे मशीन काम झाले की बंद करावे. दोन्हींत काही बिघडलेच तर आधी मशीन उघडून पाहावे. खटक्यापाशी उभ्या असलेल्या पोराची मजुरी आधी कापू नये.

हे मी मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ते सगळं खरं, भाऊ. पण अर्धा तास आधी यायचं म्हणजे मला जेवण सोडून यावं लागतं.” त्यांचा हा मुद्दा माझ्या साऱ्या वाचनात कुठे आला नव्हता. तेव्हापासून आमच्या सभेची वेळ आम्ही अर्ध्या तासाने पुढे नेली आहे.